गावठाणातला पहिला संडास

आमच्या गावठाणात घराच्या आत संडास बांधणारा पहिला माणूस मी. आणि ज्याचा संडास पंगतीत येऊन बसला, असाही पहिला मीच.

वाशीच्या अंगाला, खाडीला चिकटून आमचं गाव. शेती गेली, मिठागर गेलं, त्या जागेवर साहेब लोकांचे ब्लॉक उभे राहिले. मला सही येत नव्हती, तरी एका हापिसात शिपाई म्हणून चिकटलो. एकदा साहेबाच्या घरी फाईल पोचवायला गेलो आणि पोटात कळ आली. त्यांचा संडास वापरला. पांढऱ्या लाद्या, साखळी ओढली की धो धो पाणी, सगळं गायब. मी इतका वेळ बसलो की बाईंनी दार ठोकलं. "अहो, बरं आहे ना?"

आतून ओरडलो, "लई बरं आहे, बाई!"

तिथनं पुढं मला आमच्या खाडीकाठाची शिसारी यायला लागली. डबा घेऊन चिखल तुडवत जायचं, शेजारी चुलता बसलेला, तो विचारणार, "आज कालवन कसलं केलंय रं?" काय माणसं आमी! मग ठरवलं, घर बदलायचं.

आजोबानं बांधलेलं आमचं एकटं घर, चारी बाजूंनी अंगण. वरची कौलं उतरवली, स्लॅब टाकला. पुढचा ओटा फोडला, लोखंडी ग्रिल बसवली, दोन खांब उभे केले आणि गुलाबी रंगवले. जुलाबाचं औषध असतं ना, तो गुलाबी. आज त्यांच्याकडं बघवत नाही. तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून तासतासभर ते खांब बघायचो.

मागची पडवी तेवढी जुनी राहिली, कौलांची, शेणानं सारवलेली. कारण आय तिथनं हलेना. आय म्हणजे माझी आई. तिनं सगळी भांडी आणि चूल तिथं नेली.

"जिथं हागतात तिथं मी जेवनार नाय," ती म्हणाली.

"आगं आये, मधी दार हाय."

"दाराला नाक हाय का?"

लोक हसायला लागले. आईला पडवीत ठेवलंय आणि स्वतः लादीवर झोपतोय, असं गाव बोलायला लागलं. बायको म्हणायची, "त्या आत येत न्हाईत तवर हे घर नाय, सरकारी मुतारी हाय." मी आयच्या पाया पडलो. शेवटी ती एवढं बोलली, "वास्तुशांतीला आत बसन. चार घास खाईन. घशाखाली उतरले तर राहीन. नाय उतरले तर परत बोलायचं नाय."

चार घास! मी म्हटलं, जिंकलो.

आता जागेचं सांगतो. संडासाची टाकी खणली ती अंगणाच्या खाडीकडच्या कोपऱ्यात. तिथं एक खड्डा होता. पुनवेला, अमावाश्येला उधाण आलं की खाडीचं पाणी त्यात भरायचं. लहानपणी मी तिथं निवट्या पकडायचो, चिखलात उड्या मारणारे ते बारके मासे. गवंडी परमुलखातला, त्याला काय ठाऊक? मला ठाऊक होतं. मीच भराव टाकला आणि मीच त्याला तिथं खणायला लावलं.

आय म्हणाली होती, "आरं, तिथं उधानाचं पानी येतं."

"आता सिमेंट आलंय आये. पानी घाबरतं सिमेंटला."

वास्तुशांतीपर्यंत संडास वापरायचा नाही म्हणून मी त्याला कुलूप लावलं होतं. अमावाश्येला उघडून बघतो तर आत पाणी साचलेलं. मी गवंड्याला आईबापावरनं शिव्या दिल्या, नळ उघडा ठेवतो म्हणून. त्यानं गपचूप पुसून घेतलं.

वास्तुशांतीला भटजींनी पुनव काढली. मी खूश. सकाळपासून सगळं गाव आलं. पूजेपेक्षा गर्दी संडासापुढं. ज्याला लागली नव्हती तोही आत जाऊन येत होता. मी दारात उभा राहून सांगत होतो, "साखळी जोरात वढा, लाजू नका!"

दुपारी पंगत बसली. भात, वरण, वालाचं बिरडं. आय आत आली. पाटावर बसली. सगळे हात थांबवून तिच्याकडं बघतायत. तिनं एक घास घेतला. गिळला. दुसरा घेतला. मी बायकोला डोळा मारला.

पुनवेची भरती दुपारीच चढते. मिठागरावर वाढलेला मी, हे माझ्या बापानं मला बोलता यायच्या आधी शिकवलं असेल.

आधी आवाज आला, गुळगुळ, गुळगुळ. मग संडासाच्या दाराखालनं पाणी. मग नुसतं पाणी नाही. सकाळपासून गावानं जे जे मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, ते सगळं खाडीनं परत धाडलं. पांढऱ्या लादीवरनं ते अगदी सरळ पंगतीकडं निघालं. लादीला उतार पण मीच द्यायला लावला होता, धुवायला सोपं म्हणून. पोरं पाटावर चढली, भटजी सोवळं उचलून खिडकीत. कोणीतरी बिरड्याच्या टोपातच ओकलं. त्या दिवसापासून वाल समोर आले की मी तोंड फिरवतो.

आय उठली. तोंडातला घास तिनं ग्रिलमधनं बाहेर थुंकला आणि पडवीत निघून गेली. तिच्यामागनं सगळी पंगत गेली. तिथं परत भात शिजला, पापड भाजले, हसण्याचा आवाज इथवर येत होता. मी लुंगी वर खोचून खराट्यानं माझी हौस खाडीकडं ढकलत होतो. ओहोटी लागेपर्यंत ती परत येत होती. वास अंगातच शिरला, साबणानं जाईना.

सांजच्याला भुकेला होऊन पडवीच्या दारात गेलो. "आये, काय उरलंय का गं?"

तिनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, नाकाला पदर लावला आणि ताट उंबऱ्याबाहेर सरकवलं.

"भायेर बस. हितं मानसं जेवतात."