जानरावांचा वरचा आकडा

बेबीताईंच्या हातची भाजी खाल्ली की माणूस आधी नाक पुसतो, मग तारीफ करतो. अमरावतीच्या कडेला दोन एकरांत वांगी, मेथी, चवळी पिकवायची, जानरावांनी ती बाजारात विकायची आणि उरलेली बेबीताईंनी झणझणीत रांधायची, असा हा तीस वर्षांचा संसार.

आषाढात डॉक्टरांनी जानरावांच्या दंडाला पट्टा आवळला आणि वरचा आकडा एकशे साठ आहे, मीठ-तेल कमी करा, असं सांगितलं. घाबरले जानराव, कामाला लागल्या बेबीताई. लोणच्याची बरणी लेकीकडे अकोल्याला गेली, पापड शेजारी गेले, तेलाच्या पळीच्या जागी चहाचा चमचा आला.

पण अळणी भाजी हा बेबीताईंच्या लेखी ब्लडप्रेशरपेक्षा मोठा आजार. त्यांनी तोड काढली. कांदा जाळावर भाजायचा, खोबरं-तीळ कोरडेच परतून वाटायचे, वरून लिंबू पिळायचं. मीठ चिमटीभर, आणि मीठ जेवढं कमी तेवढं तिखट जास्त. तिखटाला काही तोटा नव्हता. जानरावांची थोरली बहीण पार्बताबाई दर उन्हाळ्यात अकोटहून वर्षाचं तिखट कुटून पाठवायच्या. दोन चमच्यांचे चार झाले. जानरावांनी पहिला घास घेतला, कपाळ पुसलं आणि मीठ कमी असल्याचं कळतसुद्धा नाही, असं जाहीर केलं. एवढं कौतुक बेबीताईंना लग्नातही मिळालं नव्हतं. आठवड्याभरात गल्लीतल्या चार बायका कृती लिहून घेऊन गेल्या.

पंधरा दिवसांनी आकडा निघाला एकशे अडुसष्ट.

बाहेर काही खाता का, असं डॉक्टरांनी हसत विचारलं. आता जानरावांच्या दुकानासमोरच गिल्या वड्याची, म्हणजे दह्यात भिजवलेल्या वड्याची, गाडी लागते, हे साऱ्या बाजाराला ठाऊक. गिऱ्हाईक किडक्या वांग्याकडे पाहतं तशा नजरेनं बेबीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या डबा घेऊन बाजारात, पोत्यावर, नवऱ्याच्या शेजारी. येताजाता त्याच्या बोटांचा वास घ्यायच्या. गाडीवाल्याला त्यांनी नुसतं पाहिलं, तर त्यानं गाडी दहा हात पुढे ढकलली. घरी चार चमच्यांचे पाच झाले होते.

पुढचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. गोळी बदलली, आठ दिवस दिले. आकडा उतरला नाही तर भरती करावं लागेल, मेंदूतली शीर केव्हा दगा देईल सांगता येत नाही, म्हणाले. घरात पाय ठेवल्यावर बेबीताईंनी दार लोटलं.

"खरं सांगा. कोठी खाता?"

"कोठीच नाई. प्रतीक्षाची शपथ, बाहेरचा घास शिवलो नाई मी."

प्रतीक्षा म्हणजे एकुलती एक लेक. आकडा तर डोळ्यांनी पाहिलेला. म्हणजे हा माणूस वड्यापायी लेकीची खोटी शपथ घेतो. त्यांनी तिथल्या तिथे अकोल्याला फोन लावला आणि तुझ्या बापानं तुझी खोटी शपथ घेतली, असं जानरावांच्या देखत सांगितलं.

त्या दिवसापासून जानरावांनी बाजार सोडला. बोलणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचं आणि ताटात येईल ते मुकाट खायचं. पाय सुजायला लागले. भेदरलेल्या बेबीताईंनी चिमटीभर मीठही बंद केलं आणि तिखटाचे सहा चमचे केले.

सातव्या दिवशी भावाला पाहायला पार्बताबाई आल्या. चुलीशी... म्हणजे गॅसशी स्टूल घेऊन बसल्या. भाजीत तिसरा चमचा पडला, चौथा पडला. पाचव्याला त्यांनी भावजयीचा हात धरला.

"बेबी, बेतानं टाक वं. मागच्या साली किडे झाले मनून यंदा मीठ लय कुटलं म्या त्यात. किलोले पावशेर."

बेबीताईंनी गॅस बंद केला. महिनाभर त्या मीठ चोरून खाणारा जो हात शोधत होत्या, तो सापडला होता, आणि त्या हातात चमचा होता.

त्यांनी आधी डॉक्टरांना फोन केला. ते तिखट आजपासून बंद, गोळ्या चालू, उद्या सकाळी घेऊन या, भरतीचं तपासून ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. पार्बताबाई तोवर तिखटाची बरणी आपल्या पिशवीत घालत होत्या. आपलं बीपी कमीच राहतं, आपल्याला चालतं, असं त्यांचं म्हणणं. वर त्यांनी शहाणपणाचा सल्लाही दिला. तिखट बदल, आकडा आपोआप उतरेल. नवऱ्याला कशाला सांगतेस, जन्मभर डोक्यावर बसेल.

सल्ला खोटा नव्हता. आकडा उतरला असता, बेबीताईंच्या पहाऱ्याचं नाव झालं असतं, आणि जानरावांना सगळ्यांनी माफ केलं असतं. बेबीताई पदराला हात पुसत बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. पुसून पुसून हात लाल झाले. मग फोन घेऊन त्या खाटेपाशी गेल्या.

"प्रतीक्षा, तुया बाबानं शपथ खोटी नोती घेतली. मीच त्यायले मीठ चारून राह्यली होती. तिखटातून."

पलीकडून काही बोलणं आलं. ते ऐकून बेबीताई नुसत्या हं, हं म्हणत होत्या. खाटेवरची पाठ हलली नाही.

"इस्पीकर लाव," भिंतीकडूनच जानराव म्हणाले. "अन् पयल्यापासून सांग."

बेबीताईंनी इस्पीकर लावला, खाटेच्या कडेला टेकल्या आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. दोन चमच्यांपासून. सहाव्या चमच्यापर्यंत आल्या तेव्हा, त्यांना टेकायला नीट जागा मिळावी म्हणून जानरावांनी सुजलेले पाय आत ओढून घेतले.