उंबऱ्यात अडलेला आशीर्वाद

सोराइदा किन्योनेसला अमेरिकेतल्या होल्योक शहरातली आमची पोर्तो रिकोची माणसं समुपदेशक वगैरे म्हणत नाहीत. 'भांडणं सोडवणारी बाई' म्हणतात. बारा वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तिनं ही विद्या मिळवली. लोकांच्या घरी काही खायचं नाही, असा ती काम करते त्या संस्थेचा नियम होता. तो तिनं पहिल्याच आठवड्यात मोडला. आमच्यातल्या एखाद्या बाईनं पुढ्यात ठेवलेली कॉफी नाकारायची आणि वर तिच्याच पोरीबद्दल बोलायचं, हे ज्याला जमतं त्यानं खुशाल नियम लिहीत बसावं.

ती कारखान्यात काम करणाऱ्या नेरेइदाच्या घरी गेली तेव्हा फ्रिजवर विमानाच्या तिकिटाचा कागद लावलेला होता. शनिवारचं तिकीट. नेरेइदाच्या पंधरा वर्षांच्या मुलीची, यारेलिसची, रवानगी बेटावर, म्हणजे पोर्तो रिकोला, आजीकडे होणार होती, आणि तीही कायमची. पोरगी चार महिने शाळा बुडवत होती. शाळेची पत्रं आईला भलतीच वाचून दाखवत होती, कारण नेरेइदाला इंग्रजी येत नाही.

"शाळेचं एक वेळ राहू द्या, बाई," भाताचं ताट पुढे सरकवत नेरेइदा म्हणाली. "पण ही घराबाहेर पडताना आशीर्वाद मागत नाही. फेब्रुवारीपासून. जनावरं बरी."

आमच्यात घरात महाभारत चालू असलं तरी पोर उंबऱ्यात थांबून 'आशीर्वाद' म्हणतं, आणि आई दातओठ खात का होईना, 'देव तुझं भलं करो' म्हणते. शाळा फेब्रुवारीतच सुटलेली आणि आशीर्वादही. सोराइदानं तुरीच्या दाण्यांच्या भाताचा घास घेतला आणि फेब्रुवारीत काय झालं होतं, एवढंच विचारलं.

"काही नाही हो. मला चक्कर आली होती. दवाखान्यात हीच होती बरोबर, डॉक्टरचं बोलणं सांगायला."

मोबाइलवर फिरणारा यारेलिसचा अंगठा थांबला.

सोराइदाला तिचे वडील आठवले. त्यांना कामावरून काढल्याचं कचेरीतल्या साहेबानं इंग्रजीत सांगितलं होतं, आणि त्यांना ते समजावून सांगितलं होतं दहा वर्षांच्या सोराइदानं. ती जमिनीकडे बघून बोलली होती. ते अजून तिला सलतं.

"यारेलिस, आजपासून या घरात तू दुभाषी नाहीस," ती म्हणाली. "पत्र असो, फोन असो, ते माझं काम. डॉक्टर काय म्हणाले ते मला इंग्रजीत सांग. आईला मी सांगेन."

मुलगी भिंतीकडे बघत बोलली. सोराइदानं एकही शब्द न गाळता ते नेरेइदाला सांगितलं. हृदय कमजोर आहे, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, कारखान्यात दोन पाळ्या करायच्या नाहीत, महिन्याभरात पुन्हा तपासून घ्यायचं. यातली यारेलिसनं तेव्हा आईला फक्त गोळ्यांची वेळ सांगितली होती. आई घाबरेल म्हणून. आणि मग शाळेऐवजी ती रोज आईच्या कारखान्यासमोर बाकावर बसत होती, जेवणाच्या सुट्टीत आई आपल्या पायांनी बाहेर येते का ते बघायला.

नेरेइदानं फ्रिजवरच्या तिकिटाकडे पाहिलं.

"मला वाटलं, कुणी पोरगा असेल," ती म्हणाली.

"त्या बाकावर? कबुतरं असतात तिथे," यारेलिस म्हणाली.

"आणि आशीर्वाद का नाही मागितलास?"

"तुझ्याशी खोटं बोलून वर देवाला कशाला मध्ये घालू?"

इथे बोलायला सोराइदाकडे शिकलेलं पुष्कळ होतं. तिनं फक्त आणखी भात वाढून घेतला. मला ती सर्वात मोठी वाटते ती अशा वेळी.

निघताना ती म्हणाली, "मंगळवारी तपासणीला मी येते. यारेलिस, मला गाडीपर्यंत सोड." मुलगी दारापर्यंत आली आणि उंबऱ्यात थांबली.

"आशीर्वाद, आई."

नेरेइदा फ्रिजसमोर पाठमोरी उभी होती. तिकिटाचा कागद तिच्या हातात होता.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली. "सोमवारी शाळेत सोडायला मी येणार आहे. बाकापर्यंत नाही, वर्गापर्यंत."