आक्काने झेललेले खडे

गाडीला रंग देण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे सगळ्यांना तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे थोरली बहीण, आक्का, त्याच्याच गॅरेजात बॉनेटवर रंग जपणारी पारदर्शक फिल्म लावू लागली, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं. “माझ्या रंगावर प्लास्टिक? सोफ्याला कव्हर घालतेस की काय?”

आक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची. अंगठी, घड्याळ काढून ठेवायची, फरशीवर पाणी मारून धूळ बसवायची आणि डोळे मिटून ओल्या बॉनेटवरून बोटं फिरवायची. फिल्मखाली एक केस जरी दिसला, तरी अख्खी फिल्म काढून पुन्हा नवी लावायची. “वेड लागलंय हिला,” तो चरफडायचा.

परवा तिचं पहिलं गिऱ्हाईक जुनी फिल्म बदलायला आलं. रोज हायवेवर ट्रकांच्या मागे धावणारी गाडी. फिल्मवर जागोजागी खड्यांचे वण उठले होते. आक्काने गरम हवा देत फिल्म हळूहळू सोलली. खालून भावाचा लाल रंग निघाला. त्याने दिला होता तसाच, कुठे टवकाही उडाला नव्हता.

त्याने त्या रंगावरून बोट फिरवलं. मग बाहेर गेला आणि स्वतःची गाडी आत घेऊन आला. तिचं नाक खड्यांनी पार सोलवटलं होतं.

“हिला पण लाव.”

आक्काने गाडीभोवती एक चक्कर मारली. “आधी नीट रंग दे,” ती म्हणाली. “सांभाळावा असा रंग तूच देतोस.”