लेबलं काढलेल्या तबकड्या

थोरला सुतार. हातात रंधा आणि तोंडात भाऊ. गिऱ्हाईक दाराची चौकट सांगायला आलं, तरी धाकट्याचं कौतुक ऐकल्याशिवाय त्याला माप सांगता यायचं नाही.

"सुई माहितीय ना? माझा भाऊ! या शहरातल्या रॅपवाल्यांना बोट धरून चालायला त्यानं शिकवलं. रेडिओवर कधी लागला नाही, पण तळघरातल्या मैफलीत वाजायचा तेव्हा तळघर हलायचं. आणि आवाज ज्या पेट्यांतून यायचा ना, त्या ह्या हातांनी ठोकल्यात!"

फुशारकी होती, पण खोटी नव्हती. धाकटा अंगानं सुईसारखाच, आणि तबकडीवर सुई ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. भंगारातून गाण्यांच्या जुन्या तबकड्या आणायचा. त्यातला एखादा तुकडा कापून घ्यायचा. कुठं कर्ण्याची हाक, कुठं गाण्याआधी बाईनं घेतलेला नुसता श्वास. मग त्याखाली ड्रमचा ठोका जरा रेंगाळत ठेवायचा, जेवण झाल्यावर माणूस चालतो तसा. झाला बीट तयार. त्यावर शब्दांचा भडिमार करायला त्याचा जोडीदार भोंगा होताच. आवाज नावासारखा, तोंडही नावासारखं.

त्या धंद्यात एक रीत होती. तुकडा कुठून उचलला ते कुणाला कळू द्यायचं नाही. कळलं की दुसरा कुणीतरी तोच उचलून मोकळा. म्हणून तबकडी घरी आली की तिचं लेबल भिजवून काढून टाकायचं. हे काम थोरल्याचं. डिंक कसा सोडवायचा हे सुताराला कुणी शिकवायचं? वर कोमट पाण्याचं फडकं ठेवायचा, मग पातळ पटाशी घालायचा, की लेबल सालीसारखं सुटून यायचं. तबकड्यांची पाकिटं शेगडीत.

"कुठल्या तबकडीत काय आहे ते जगात एकाच डोक्याला ठाऊक!" तो मांडी थोपटून सांगायचा.

त्या डोक्याला आता गळती लागली होती.

आधी किल्ल्या हरवल्या, मग घरी यायची वाट. वहिनीनं ओळखलं. थोरल्याची बायको ती, पण दिराला लेकरासारखं बघायची. एकदा म्हणाली, "अहो, भाऊजींनी आज विचारलं, आई अजून का आली नाही."

"थट्टा करतो तो. लहानपणापासून चावट."

"गेलेल्या आईंची थट्टा?"

थोरल्यानं लाकडाला रंधा मारायला घेतला. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा त्यानं डॉक्टरलाच वेड्यात काढलं होतं.

अशात एक पोरगी आली. तळघरातल्या जुन्या जाणत्या लोकांच्या गप्पा रेकॉर्ड करत फिरायची. सुई आणि भोंगा एकत्र हवे होते तिला. थोरल्यानं कुणाला न विचारता हो म्हटलं.

"विचारलंत तरी का भाऊजींना?" वहिनी म्हणाली.

"माझ्या भावाची मुलाखत, आणि मी नाही म्हणू? जीभ झडेल माझी."

गप्पा सुतारखान्यातच ठरल्या. थोरल्यानं भुसा झाडून कोपऱ्यात लावला, जुन्या पेट्या पुसून मागं मांडल्या. भोंगा आला तो दारातूनच ओरडत. "काय रे वाळक्या! अजून जिवंत?"

"ये रे ये," सुई हसला. "बस."

बऱ्याच वर्षांनी भेटत होते. पोरगीनं माईक लावला आणि गाडी भरधाव सुटली. म्हणजे भोंग्याची. तळघरात पाणी शिरलं तो किस्सा, वीज गेली तरी नुसत्या टाळ्यांवर गायला तो किस्सा. सुई मान डोलवायचा, "बरोबर, बरोबर" म्हणायचा.

मग पोरगीनं त्याच्याकडे माईक वळवला. "काका, तुमच्या सगळ्यात गाजलेल्या बीटमधला तो कर्णा. लोक अजून शोधतायत. आता तरी सांगा, कुठून घेतला?"

सुईनं थोरल्याकडे बघितलं. लहानपणी शाळेत मास्तरांनी उभं केलं की खिडकीतून थोरल्याच्या वर्गाकडे बघायचा, तसंच.

"नाही सांगणार तो!" थोरला कडाडला. "मान कापा, पण सांगणार नाही! याला म्हणतात इमान! आजकालची पोरं बघा, सकाळी बीट केला की दुपारी सगळं उघडं!"

पोरगी खूश झाली. सुईही हसला. थोरल्याला वाटलं, जिंकलो.

पण तिनं तोच बीट लावला. पेट्या थरथरल्या, कर्ण्याची हाक आली. सुईनं डोळे मिटले, मान ठोक्यावर डुलायला लागली. संपल्यावर तो म्हणाला, "वा! झकास आहे. कुणाचा आहे?"

पोरगीची मान वर झाली.

"तुझ्या थोरल्याचा!" भोंगा ओरडला. "पेट्या त्याच्या म्हणजे बीटही त्याचाच, नाही का?"

पोरगी पोट धरून हसली. सुई हसला. हसता हसता भोंग्यानं तोंड पुसलं, डोळेही पुसले.

चहाच्या वेळी त्यानं थोरल्याला फळ्यांच्या मागं ओढलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून? ठणठणीत आहे माझा भाऊ."

"आल्यापासून त्यानं मला एकदाही भोंग्या म्हटलं नाही. ये रे, बस रे. मी कोण ते त्याला ठाऊक नाही, दादा."

"दमलाय तो."

"ती पोरगी पुढच्या महिन्यात आम्हाला स्टेजवर मागतेय. तिथं त्यानं काय करायचं?"

"वाजवेल! झोपेत वाजवेल!"

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "लोक हसतील रे त्याला. आज मी होतो म्हणून निभावलं."

जाताना पोरगीनं स्टेजचं विचारलंच. थोरल्याच्या ओठांवर "हो" आलं, तिथंच अडकलं. "उद्या कळवतो," तो म्हणाला. उद्या कळवतो म्हणणारा माणूस नव्हता तो.

सगळे गेल्यावर सुईनं मांडणीवरची एक तबकडी काढली. काळी, मधोमध कोरी. उजेडात धरून फिरवली, ठेवली, दुसरी काढली. तीही तशीच.

"दादा, लेबलं का काढली रे आपण?"

"चोरांना कळू नये म्हणून."

"हं." त्यानं कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. "आता मलाच कळत नाही. म्हणजे चोर मीच झालो."

"असं बोलायचं नाही. तू कोण आहेस ठाऊक आहे का?"

"तेच तर." तो सहज म्हणाला. "तो मोठ्या आवाजाचा माणूस रडत होता मघाशी. माझ्यामुळं ना?"

वहिनी दारात उभी होती.

"तिला सांगून टाक, दादा. त्या पोरीला. फार वाढवू नकोस, नुसतं सांग."

थोरल्यानं फोन लावला. पोरगीनं उचलला, आणि सवयीनं त्याची छाती पुढं आली. "हं, ऐक पोरी. माझा भाऊ म्हणजे या शहरातला..."

पुढचं वाक्य पाठ होतं. गिऱ्हाइकांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं. समोर सुई तिसरी तबकडी फिरवत होता.

"त्याला आठवत नाही," थोरला म्हणाला.

"काय आठवत नाही, काका?"

थोरला खाली कोपऱ्यातल्या भुशातच बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.