डांबरी गल्ली

रस्ता आम्हीच मागितला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सरकारला शिव्या घालायची सोय उरणार नाही.

पाचपावलीतल्या आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत सकाळ व्हायची ती पाजणीनं. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीभर ताणायचं, त्याला खळ लावायची, उन्हात वाळवायचं. एकट्या घराचं हे काम नव्हे. आमचा ताणा असला की समोरचे काका दुसरं टोक धरायचे, त्यांचा असला की बाबा. पण गल्ली मातीची. ओल्या खळीवर धूळ बसली की सूत वाया. म्हणून बाबाच हट्टाला पेटले, डांबर पाहिजे. पुढाऱ्यांचे उंबरे झिजवले. रस्ता झाला त्या दिवशी नारळ त्यांनीच फोडला, आईनं पेढे वाटले. हात दाखवून अवलक्षण!

शहर तेव्हा जरीपटक्याच्या नव्या वस्त्यांकडे फुगत चाललं होतं. लोकांना कळलं, इथून वाट जवळची. आधी स्कूटरी आल्या, मग टेम्पो. रहदारी पाहून काकांनी माग बंद केला आणि दारातच सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग आणखी दुकानं निघाली. बाबांनी ताणा लावला की भोंगे आणि शिव्या. "रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?" एका सकाळी एक टेम्पो थांबलाच नाही. हिरवं सूत चाकाला गुंडाळून घेऊन गेला. आई आणि मी डांबरावर बसून तुटके धागे वेचत होतो, अन् लोक आमच्यावरच खेकसत होते. अजून आठवलं की माझं डोकं तडकतं.

दुसऱ्या दिवशी बाबा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन रस्ता उखडायला लागले. काकांनी धावत येऊन सब्बल धरली.

"काहून गा खोदून राहिला?"

"पाजणी कुठं करू मग? चुलीपाशी?"

"अन् माझं गिऱ्हाईक काय उडत येईन? मले लेकरं नाहीत का?"

मागे उभ्या गल्लीनं माना डोलावल्या. सगळे आमचेच, कालपर्यंत मागावर बसणारे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! बाबांनी सब्बल सोडली आणि घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

महिन्याभरात त्यांनी माग विकला. तो उचलून टेम्पोत चढवायला मात्र सगळी गल्ली धावून आली.