सीटखालचं वायफाय

आज सकाळी लोहाऱ्याच्या स्टँडवर, माझ्याच जीपमध्ये बसून तिनं होणाऱ्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिथंच माझं सगळं पलटलं.

मित्रांनो, कॉलेज अर्धवट सोडून मी वडापची जीप चालवतो. ती माझी रोजची पॅसेंजर. तिचं नेट सारखं संपायचं, म्हणून हॉटस्पॉट घेतला. सगळ्या पॅसेंजरनी मागू नये म्हणून वायर मॅटखालून ओढून माझ्या सीटखाली लपवला. पासवर्ड फक्त तिला दिला.

"वायफाय कुणाचं?" तिकडून त्यानं विचारलं.

"ड्रायव्हरचं ओ. लई चांगलाय बिचारा."

बिचारा! डोकंच फिरलं. हात सीटखाली बटणावर गेला. तुम्ही असता तर काय केलं असतं?

तेवढ्यात ती हसली. माझ्याशी बोलताना ती असं कधीच हसली न्हाय.

जीप भरायला वेळ होता. मी खाली उतरलो आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून दार लावून घेतलं.