फीत बांधलेली खोली आणि रिकामी खुर्ची

भूतबित, आत्मा, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. असल्या थोतांडाविरुद्ध आमच्या संघटनेची पत्रकं मी स्वतः लिहिलीत, अकोल्याच्या बसस्टँडवर उभी राहून वाटलीत. आजही मानत नाही. तरी लिहिते आहे, कारण जे झालं ते भरदुपारी, एसी हॉलमध्ये, शिकल्यासवरल्या लोकांसमोर झालं.

आधी मंदावहिनीचं सांगते. माझ्या मावसभावाची बायको. चांदूर रेल्वे गावाकडे त्यांचा शेवंतीचा मळा. कळा सुरू झाल्या म्हणून आम्ही तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. (कोणता ते लिहीत नाही.) तिथली प्रसूतीची खोली नवीकोरी, टेबलासकट तयार... आणि कुलूपबंद! दाराला लाल फीत. का? तर उद्घाटनासाठी पुढाऱ्याची तारीख मिळत नव्हती!

अधीक्षक डॉक्टर म्हणाले, "अमरावतीला पाठवतो. गाडी येईपर्यंत बसा."

व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर वहिनी बसली. दातओठ खात म्हणाली, "साहेब, मी बसतो न... पण पोटातलं बसून राहीन काय?"

साहेबांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. हे ऐकायला तिथे होतो मी, माझा मावसभाऊ आणि ते. बस.

गाडी उशिरा आली. अमरावती दिसायच्या आत वहिनी गेली. बाळही गेलं. खोलीची फीत तशीच राहिली. आम्ही निवेदनं दिली, दारात बसलो. उत्तर एकच — "साहेब ट्रेनिंगला आहेत."

मग कळलं ट्रेनिंग कसलं. अमरावतीच्या एका हॉटेलात, दवाखाने चालवणाऱ्यांसाठी 'लीडरशिप'चा कोर्स! आमच्या संघटनेला तिथे 'समाजाचा आवाज' म्हणून अर्धा तास दिला होता. मी गेले. भांडायलाच गेले.

माझ्याआधी कोर्स घेणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा खेळ होता. त्यांनी मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली. "समजा, इथे तुमचा पेशंट बसलाय. चांगला लीडर आधी ऐकतो."

"पेशंट लय शांत आहे, मॅडम!" मागून कोणीतरी म्हणालं.

"रोज असेच धाडत जा!" दुसरा म्हणाला. हॉलभर हशा.

मॅडमनी आमच्याच अधीक्षकांना पुढे बोलावलं. ते हसत हसत खुर्चीकडे वाकले. "बोला ताई, काय त्रास आहे?"

मी पाणी पीत होते. ग्लास ओठाला होता, हे ध्यानात ठेवा.

"साहेब, मी बसतो न... पण पोटातलं बसून राहीन काय?"

आवाज खुर्चीतून आला. वहिनीचा. तीच धाप, तीच कळ.

अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. "ओ ताई, नौटंकी बंद करा!" कोणीतरी ओरडलं. मॅडमनी तर टाळ्या वाजवल्या — "व्हेरी पॉवरफुल!" माझ्या तोंडात अजून पाणीच होतं.

"त्या नाही बोलल्या," अधीक्षक म्हणाले. चेहरा राखेसारखा.

"मग कोण बोललं, सर?"

त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. "सिस्टर, प्रसूतीची खोली उघडा. आत्ता... फीत कापा ना! ड्रेसिंगची कात्री नाही का? तारीख गेली खड्ड्यात!"

खोली उघडली. आज तिथे बाळंतपणं होतात. फीत विचारल्याशिवाय कापली म्हणून साहेबांना नोटीस मिळाली, असं ऐकते. ते माझ्याशी बोलत नाहीत, मीही जात नाही.

त्या दिवशी मी खुर्ची उलटी करून पाहिली. माईक नाही, स्पीकर नाही, काही नाही. मनाचा खेळ म्हणावं तर हॉलभर लोकांनी कसं ऐकलं?

आमच्या संघटनेतले शकीलभाई म्हणतात, "बाई, खोली खुली न? मंग कायले जळून राहिली?"

जळणारच, शकीलभाई! मेल्यावर बोलली तेच वाक्य वहिनी जिवंतपणी बोलली होती. याच माणसाला. हाताच्या अंतरावरून. तेव्हा त्याला का ऐकू आलं नाही... मला आधी ते कोणीतरी समजावून सांगा. खुर्चीचं मग बघू.